पानाचा दर

मंगळवारपासून आमची खोली लांबते आहे.

बेडकिहाळ वहिनींच्या कांदा-लसूण मसाल्याला सांगलीत चांगली मागणी आहे.

त्या टोकाहून माझ्या टेबलाकडे निघालेला चहा अर्ध्या वाटेत गार होतो.

वहिनींना वेबसाइट हवी होती, आणि वेबसाइट करून द्यायचे मी पानाला चार हजार घेतो.

वहिनींनी दर ऐकला आणि म्हणाल्या, "मग एकच पान करा. त्यातच सगळं बसवा." मी हो म्हणालो. एकच पान खाली कितीही वाढवता येतं, हे दर सांगताना माझ्या डोक्यात आलं नाही. आधी मसाले आले, मग पाककृती, मग गिऱ्हाइकांची पत्रं. पान जेवढं खाली वाढलं तेवढी खोली लांबली. माझं टेबल खिडकीपाशी आहे. माझी बायको अनघा दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, शिलाई मशीनवर बसते.

बुधवारी ती चहा घेऊन निघाली आणि वीस मिनिटांनी पोचली.

"जास्त पैसे सांग ना त्यांना. लाज वाटते का?"

"शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. चालते मी."

गुरुवारी वहिनींचा फोन आला. "दादा, आमच्या सासूबाई राहिल्या की! त्यांनीच धंदा काढला. जन्मापासून घ्या."

"त्याचं वेगळं पान होईल, वहिनी."

"वेगळं कशाला? खाली जागा आहे की."

खाली जागा होती. मी सासूबाईंचा जन्म टाकला. अनघाच्या मशीनचा आवाज यायचा थांबला.

शुक्रवारी ती आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत शाल आणि दोन दशम्या.

"आता परत गेले की पुन्हा यायला जमणार नाही," ती म्हणाली. "ब्लाउज द्यायचेत लोकांचे. आत्ता माझ्यासमोर लाव फोन."

मी लावला.

"बरं झालं, तुम्हीच फोन केलात," वहिनी म्हणाल्या. "आता शेवटचं. आमची चुलत घराणी."

"वहिनी, दराचं जरा बोलायचं होतं."

"अहो दादा, तुम्हाला घरचे समजतो आम्ही."

अनघा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बरं," मी म्हणालो. "किती घराणी आहेत?"

अनघाने टेबलावरचा कप उचलला, पिशवी खांद्याला अडकवली आणि चालू लागली. मी टाइप करत राहिलो. चौथ्या घराण्यापर्यंत तिची पाठ दिसत होती.

ही खोली भाड्याने घेताना अनघाने ती पावलांनी मोजली होती. अकरा पावलं भरली.