पिळून काढलेला पुरावा

तळ्याचा काठ हिरवा आहे, सबब पाणी घाण आहे, असा सिद्धान्त सुशोभीकरण समितीने चहाच्या दोन फेऱ्यांत मांडला आणि एकमताने सिद्धही केला. आता तळे उपसायचे आणि तळाशी निळ्या फरश्या बसवायच्या. घोडे अडले होते ते फक्त पाणी घाण असल्याच्या दाखल्यावरच्या एका सहीपाशी. ती सही शेवाळांच्या प्राध्यापिकेची होती. जी विद्या तिने उभी हयात अभ्यासली, ती या तळ्यात अजून जिवंत पोहत होती. फरश्यांखाली ती कायमची गाडली जाणार होती. प्राध्यापिका संतापली की तिचा आवाज उलट मऊ होई. हल्ली तो फारच मऊ झाला होता.

समितीचा अभियंता बाटली घेऊन प्रयोगशाळेत आला. “पायऱ्यांपाशी भरली, मॅडम. आमच्या सभागृहाच्या अगदी खाली.”

तिने थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सांडपाण्यावर पोसणाऱ्या शेवाळांची नुसती झुंबड उडाली होती. पाणी खरोखरच घाण होते.

“मग करताय ना सही?”

“एका थेंबावरून मी तळ्याला फाशी देत नाही,” ती मऊपणे म्हणाली. “उद्या सकाळी पलीकडच्या काठावर या.”

सकाळी तिने नणंदेलाही सोबत आणले. साठीला टेकलेल्या या बाईला घरात सगळे अजून बेबीच म्हणत.

“वहिनी, या वयात मला चिखलात उतरवतेस?”

“बोलू नकोस, पीळ. चांगली शेवाळं पाण्यात तरंगत नाहीत, पाणवनस्पतींना बिलगून असतात.”

“घरी एक फडकं पिळत नाहीस कधी!” असे म्हणत बेबीने पाणवनस्पतींचा झुबका पिळून वाटीत हिरवे पाणी काढले.

काठावरच्या बाकावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. काचेखाली एकेक पेशी दोन जुळ्या अर्ध्यांची, कातरकाम केल्यासारखी रेखीव. “ही मंडळी भारी नखरेल,” प्राध्यापिका म्हणाली. “यांतल्या बहुतेकांना सांडपाणी मुळीच खपत नाही. म्हणजे इथलं पाणी उत्तम आहे.”

“आणि माझी बाटली?”

“तेच शोधायचंय.”

सूक्ष्मदर्शक उचलून तिघे पिळत, पाहत काठाने निघाले. पायऱ्या जवळ येत गेल्या तसतशी नखरेल मंडळी विरळ झाली आणि सभागृहाखाली पार नाहीशी झाली. अभियंत्याने झुडूप बाजूला सारले. मागे एक नळी होती आणि तिच्यातून कोमट, फेसाळ पाणी तळ्यात पडत होते.

“ही तर... आमचीच मोरी!”

“बैठक रंगलेली दिसतेय,” बेबी म्हणाली. “चहाचा चोथाही येतोय.”

अभियंता कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे फरश्या बसवूनही...”

“फरश्यांवर हेच पाणी साचलं असतं,” प्राध्यापिका म्हणाली. “दिसायला निळं.”

तो एकदम हसला. “उपसा रद्द. नळी गटाराला जोडतो. समितीला मीच सांगेन. तुम्ही सांगितलंत तर त्यांना झोंबेल.”

“झोंबू दे की!” प्राध्यापिका म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खणखणीत लागला होता.

तिने पायरीवर बैठक मारली आणि अहवाल लिहायला घेतला. अभियंत्याने पलीकडच्या काठाची काच पुन्हा भिंगाखाली सरकवली. वाकून तो पाहतच राहिला.

“सरका हो जरा,” बेबी त्याला कोपर मारत म्हणाली. “पिळलंय मी ते!”