जुन्या पुस्तकाची शेवटची विद्यार्थिनी

दहावीचं मराठीचं पुस्तक बदललं, हे वैशालीला शाळेत गेल्यावरच कळलं. दर जूनप्रमाणे ती रवीचे धडे नव्या मुलांच्या मोबाईलवर टाकून द्यायला आली होती.

रवी, तिचा नवरा, पौडजवळच्या या शाळेत मराठी शिकवायचा. लॉकडाऊनमध्ये डोंगरावरच्या वाड्यांना रेंज नव्हती, म्हणून त्यानं दहावीचा एकेक धडा, एकेक कविता मोबाईलवर वाचून, समजावून रेकॉर्ड करून ठेवली आणि वाड्यावाड्यांवर नेऊन दिली. पुढच्या उन्हाळ्यात करोनानं त्यालाच नेलं. धडे तेवढे चालू राहिले.

रवीच्या जागी आलेल्या सिद्धांत सरांनी नवं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिनं अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत वाचली. ओळखीचं एकही नाव नव्हतं.

"वहिनी, नवे धडे तुम्ही वाचून द्या ना. मुलं ऐकतील," सर म्हणाले.

"मला नाही जमणार तसं."

सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वाडीवरची प्रियंका मार्चला मराठीत राहिली. तिला जुलैच्या फेरपरीक्षेला जुन्याच पुस्तकावर बसता येईल. पण ती नको म्हणते."

वैशाली त्याच रविवारी वाडीवर गेली. प्रियंकाची आई कोंडाबाई दारात करवंदं निवडत होती. प्रियंका हिंजवडीत एका कँटीनमध्ये कामाला लागली होती. त्या दिवशी सुट्टीवर होती.

"मराठी असून राहिले, ताई. पोरी हसत्यात," ती म्हणाली. "आमी घरात बोलतो ते येगळं, पुस्तकातलं येगळं."

"रवी सर मोबाईलवर समजावून सांगतील. तू नुसतं ऐक."

दर रविवारी वैशाली भूगावच्या दवाखान्यातल्या नोकरीची सुट्टी वाडीवर घालवू लागली. ओट्यावर प्रियंकाचा मोबाईल ठेवायचा, दोघींनी ऐकायचं. धडा संपला की रवी विचारायचा, "समजलं का?" आणि मुलांनी उत्तर द्यावं म्हणून क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यात प्रियंका खरंच म्हणायची, "व्हय सर." कधी म्हणायची, "न्हाई सर," आणि धडा पुन्हा लावायची.

हे सगळे धडे वैशालीच्याही मोबाईलवर होते. पण एकटीनं ऐकले की रवी गेलेला असायचा. प्रियंका ऐकत असली की तो नुसता शाळेत गेलेला असायचा, संध्याकाळी येईल असा.

एकदा प्रियंकानं कवितेचा अर्थ अगदी उलटा सांगितला, आणि वैशालीला बरं वाटलं. म्हणजे अजून एक रविवार तरी याच कवितेवर जाणार. पाठोपाठ तिला स्वतःचाच राग आला. तिनं मोबाईल बंद केला, पुस्तक उघडलं आणि अंधारून येईपर्यंत ती एकच कविता प्रियंकाकडून घोटून घेतली.

परीक्षेआधीच्या रविवारी निरोप घेताना प्रियंकानं विचारलं, "ताई, राहिलेच तर मार्चला परत बसता येतंय. मंग तुमी येशाल ना?"

वैशालीच्या तोंडावर 'हो' आलं होतं. पुन्हा ओटा, पुन्हा रविवार, अख्खा हिवाळा.

"नाही," ती म्हणाली. "या वेळेलाच सुटायचं. पेपर अर्धवट सोडून उठू नकोस, शेवटपर्यंत लिही."

निकालाच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. प्रियंकाचा फोन आला तेव्हा वैशाली केसपेपर लिहीत होती.

"ताई, सुटले! मराठीत बावन्न!" मागं कोंडाबाईचं हसणं ऐकू येत होतं. "आयटीआयला नाव घालतेय. सिद्धांत सर संगं येणारेत."

"शाब्बास गं माझी बाय," वैशाली म्हणाली.

"ताई, एक इचारू? आयटीआयची कागदं मोबाईलवर मागवल्यात, आन् जागाच न्हाई. सरांचे धडे काढू का? तुमी नको म्हणला तर न्हाई काढत."

समोर एक म्हातारे बाबा केसपेपरसाठी हात पुढे करून उभे होते. वैशालीनं तो त्यांच्या हातात दिला.

"काढ," ती म्हणाली. "आता तुला लागणार नाहीत."

फोन ठेवल्यावर ती मागच्या दारी जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली.

संध्याकाळच्या पौडच्या बसमध्ये तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बसली होती. मांडीवर मराठीचं नवं पुस्तक. ती पुटपुटत वाचत होती: धरणाच्या भिंतीवर रोज येऊन बसणाऱ्या कुणा बाईची गोष्ट. वैशालीनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. ती कान देऊन ऐकू लागली. रवीनं ही कशी वाचली असती, कुठं थांबला असता, हे तिला ठरवता येईना.

भुकूम मागं पडलं आणि मुलीनं पुस्तक मिटलं.

"पुढं काय होतं गं?" वैशालीनं विचारलं.

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. "सरांनी हा धडा अजून शिकवला नाही."