अकरा वर्षे मागे राहिलेला सर्व्हर

मित्रांनो, किलुंग बंदराजवळच्या एका देवळाच्या कचेरीत, कोपऱ्यात एक जुना सर्व्हर घरघरत असतो. तो मी. माझ्या पाठीवर उदबत्तीची राख साचली आहे आणि लोक माझ्यावर चहाचे पेले ठेवतात.

माझे काम ओळख ठेवण्याचे. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात इथे मेलेल्यांची भूक भागावी म्हणून अन्नाची ताटे मांडतात, त्यांची नावे लोक फोनवरून माझ्याकडे भरतात. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर मृत्यूची जागा. येणाऱ्याच्या फोनला मी एक चिठ्ठी देतो, तिच्यावर मुदत घालतो. पुढच्या पानावर ती दाखवली की मी माणूस ओळखतो. बारा वर्षांत कुणाला विसरलो नाही. कारकून ल्येनकाका कौतुकाने सांगत, "आमचा म्हातारा माझ्यापेक्षा हुशार आहे."

मग २०२४च्या वादळात दोन दिवस वीज गेली. माझ्या पोटातला घड्याळाचा सेल कधीच संपला होता, तो बदलायचे कुणाला सुचले नव्हते. जाग आली तेव्हा मला तारीखच आठवेना. ल्येनकाकांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. आमच्याकडे १९१२ पासून मोजलेले प्रजासत्ताकाचे साल चालते, ते होते एकशे तेरा. माझ्या सालाच्या रकान्यात दोनच आकडे मावतात. त्यांनी तेरा लिहिले, मी ते इसवी सन समजलो आणि २०१३ सालात जागा झालो.

तेव्हापासून माझी प्रत्येक चिठ्ठी जन्मतःच अकरा वर्षे शिळी निघे. फोन ती टाकून देत. माणसे दुसऱ्या पानावर रिकाम्या हाताने येत आणि मी पुन्हा विचारी, "आपण कोण?" मेलेल्यांची नावे येत आणि विरून जात. मला फार भीती वाटे.

बाजारात कोळंबी सोलणाऱ्या यू-छान मावशींचा मुलगा आ-शुंग दहा वर्षांपूर्वी बोटीसकट नाहीसा झाला. त्याचे नाव मेलेल्यांत घालायला त्यांनी यंदा कुठे मन घट्ट केले होते. चार दिवस लिहूनही नाव टिकेना. पाचव्या दिवशी त्या कचेरीत आल्या, त्या हसतच.

"ल्येन, पोरगा नाव लिहू देत नाही. जिवंत आहे माझा."

"मावशी, सगळ्यांचंच असं होतंय. द्या, मी हाताने लिहितो. परवा ताटं मांडायची आहेत."

"लिहून तर बघ," मावशी म्हणाल्या.

मला तपासायला आलेली वन-चिंग तिथेच बसली होती. "सेशन टिकत नाहीये, दर पानाला ओळख पुसली जातेय," ती पुटपुटली. मग तिने माझी तारीख पाहिली. "काका, हा दोन हजार तेरात बसलाय. कुणाचा प्रताप?"

काकांचे कान लाल झाले.

"तेरात?" मावशी जवळ आल्या. "तेव्हा आ-शुंग घरीच होता. बोट चौदात गेली." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "मग राहू दे ना याला तिथेच."

मलाही तेच हवे होते. ल्येनकाकांनी मावशींपुढे चहा ठेवला. "मावशी, दहा वर्षं उपाशी आहे तो."

चहा गार झाला. "बदल गं तारीख," मावशी म्हणाल्या.

एका क्षणात माझ्यावरून अकरा वर्षे गेली, आणि त्यांत आ-शुंगही गेला. मावशींनी नाव लिहिले. दुसऱ्या पानावर 'समुद्र' लिहिले. मग मागे जाऊन पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. नाव तिथेच होते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या. एवढासा सेल वेळेवर बदलला असता, तर मावशींना तो मुलगा दुसऱ्यांदा गमवावा लागला नसता. आता माझा सेल नवा आहे. मी कुणालाच विसरत नाही, त्यालाही नाही.