गुऱ्हाळ : पान सापडले नाही

जयसिंगमामांचं गुऱ्हाळ दौंडच्या अलीकडे. त्यांची भाची सविता शिरूरला एका ऑफिसात वेबसाइटी बनवते.

/

गुळाच्या ढेपेवरच्या कागदावर वेबसाइटचा पत्ता छापायचा होता. सविता म्हणाली, चौकोनी कोड छापू, लोक स्कॅन करतील. मामा म्हणाले, ते ठिपके कुणाला वाचता येतात? नाव छाप, आपल्या अक्षरात.

म्हणून पत्त्याच्या शेवटी, तिरक्या रेघेनंतर, एकच शब्द: गुऱ्हाळ.

/

यंदाचा सगळा गूळ पुण्याच्या अनुपमाताई दुकानासाठी घेणार होत्या. त्यांच्या भरवशावर मामांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं होतं. गूळ कुठं शिजतो हे गिऱ्हाइकाला त्या पानावर दाखवता यावं, एवढीच ताईंची अट. भागीदारांसमोर त्यांनी कागदावरचा पत्ता मोबाईलवर टाइप केला.

पान सापडले नाही.

पुन्हा टाइप केला.

पान सापडले नाही.

/

पत्त्यात आपली अक्षरं तशीच जात नाहीत. त्यांचे तुकडे होतात.

सविताच्या लॅपटॉपवरचा ऱ्ह:
%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D%E0%A4%B9

ताईंच्या मोबाईलवरचा ऱ्ह:
%E0%A4%B1%E0%A5%8D%E0%A4%B9

सविताच्या शब्दात र साधा होता, आणि एक जोडणारं अक्षर जास्त होतं. ते दिसत नाही. तिनं लिंक दाबून तपासली होती, हातानं टाइप करून कधीच नाही.

/

दोन्ही शब्द एकाच पानावर नेणारी एक ओळ तिनं लिहिली. पान उघडलं. ताईंना फोन केला. त्या चिडल्या नव्हत्या. भागीदारांनी दुसऱ्याचा गूळ ठरवला, एवढंच म्हणाल्या.

/

सविता गुऱ्हाळावर गेली तेव्हा चुलाण पेटलेलं, काहिलीत रस उकळतोय. ढेपा भिंतीला लागून पत्र्यापर्यंत रचलेल्या, आणि कागद चिकटवणं चालूच. थांबवा, असं तिच्यानं म्हणवेना. ताईंचं मात्र सांगून टाकलं.

मामांनी एक ढेप उचलली. कागद उजेडाकडं धरून अक्षर न् अक्षर वाचलं.

"बरोबर तर हाय."

कागद बरोबर आहे, ती म्हणाली. आत माझं चुकलं.

"मग दाखव की. कुठं चुकलंय?"

तिनं मोबाईलवर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले.

गुर्‍हाळ
गुऱ्हाळ

मामांनी चष्मा लावला. वरचा वाचला. खालचा वाचला. परत वरचा.

"मला तर दोन्हीकडं आपलंच गुऱ्हाळ दिसतंय, सविता."

तिनं वरच्या शब्दात र आणि ह यांच्या मधे बोट ठेवलं. मामा वाकून बघत राहिले. तिथं काहीच नव्हतं.