पिठावरची पावलं

सिनेमा लागला त्या सकाळी आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता चहा पीत होतो. कादंबरी सासूबाईंची, सिनेमा माझा, आणि मधल्या मध्ये माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा. बिचाऱ्याला इकडे आड, तिकडे विहीर. परीक्षणं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

आमचं भांडण होतं पिठावरून. कादंबरीतल्या एकट्या बाईला वाटत असतं, रात्री घरात कुणीतरी वावरतं. सासूबाईंनी ते तिच्या मनातल्या विचारांतून पानंच्या पानं सांगितलंय, आणि फार सुंदर सांगितलंय. पण विचारांवर कॅमेरा कसा लावणार? म्हणून मी एक प्रसंग घातला. बाई झोपण्यापूर्वी घरातल्या बोळात पीठ पसरते. सकाळी बघते तर त्यावर अनवाणी पावलं उमटलेली. एका ठशावर ती आपलं पाऊल ठेवते. तंतोतंत बसतं. ती शांतपणे पीठ झाडून काढते आणि रात्री पुन्हा पसरते.

"माझी नायिका टापटिपीची आहे. ती घरभर पीठ उधळणार नाही," सासूबाई कडाडल्या होत्या. "आणि तुला बरं पीठ सुचलं! घरात कधी पिठाच्या डब्याला हात लावत नाहीस."

मी हट्टाला पेटले आणि प्रसंग ठेवलाच. तेव्हापासून त्या सिनेमाबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खास खेळालाही आल्या, पाहिला, आणि गाडीत बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. जगानं कौतुक करावं असं मला वाटत होतंच, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याआधी या एका बाईनं 'जमलंय' म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिलं परीक्षण 'अंगावर काटा' म्हणालं. मी खुर्चीतून उडालेच. दुसरं त्याहून गोड. तिसरं होतं कात्रीचं. कुणाचंच धड न ठेवणाऱ्या त्या समीक्षकाला आम्ही सगळे कात्रीच म्हणतो. नवऱ्यानं घसा खाकरला.

"'पिठावरच्या पावलांचा प्रसंग या वर्षातला सर्वोत्तम.'"

"वाच, वाच, पुढे वाच!" मी टाळ्याच पिटल्या.

"'अर्थात श्रेय मूळ कादंबरीचं. लेखिकेची ही अफाट कल्पना दिग्दर्शिकेनं जशीच्या तशी उचलली, हेच तिचं शहाणपण.'" नवरा थांबला. "पुन्हा वाचू?"

"वाचलंस तेवढं पुरे!"

मेल्यानं पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं! आणि दुपारपर्यंत बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंनी फक्त चष्मा पुसला आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांचे प्रकाशक भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन आले. सिनेमा जोरात चालला होता आणि कादंबरी हातोहात खपत होती. फक्त एक पंचाईत झाली होती.

"लोक पुस्तकं परत आणून देताहेत हो," ते सासूबाईंना म्हणाले. "म्हणतात, पिठाचं पान गळलंय. तेव्हा नव्या आवृत्तीत तेवढा प्रसंग घालून टाका. नाहीतरी सगळे तो तुमचाच समजतात."

मी दारातच उभी होते. त्या एकदा 'हो' म्हणाल्या असत्या, तर तो प्रसंग कायमचा माझ्या हातून गेला असता.

सासूबाईंनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला.

"अहो, माझ्या पुस्तकांत खून होतात. चोऱ्या होत नाहीत."

"पण वाचकांना सांगू काय?"

"सांगा, पान गळलेलं नाही. तो प्रसंग माझ्या सुनेचा आहे. नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर तसं छापा, मोठ्या अक्षरांत. आणि त्या कात्रीला एक प्रत पाठवा. म्हणावं, आता तरी वाच."

प्रकाशक गेले. मला राहवेना.

"आई, म्हणजे तुम्हाला आवडला होता प्रसंग?"

"आवडला?" त्या उसळल्या. "अगं, तू पहिल्यांदा सांगितलास ना, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. इतकी वर्षं लिहितेय, मला का नाही सुचला म्हणून! उगाच का एवढी भांडले तुझ्याशी?"

मी हसत होते आणि रडतही होते. त्यांना कडकडून मिठी मारली.

"सोड, चष्मा फुटेल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच सोडेनात.