खोडलेले फुगवटे

"आत्या, टेबलाला हात नको लावूस! मासा हलला तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात."

आत्याने हात झटकन मागे घेतले. समोरच्या पडद्यावर दीड दिवसाचा माशाचा गर्भ होता, काचेसारखा आरपार दिसणारा. त्याच्या मुख्य रक्तवाहिनीची भिंत हिरवी चमकत होती. भाची पाच तास तिथेच डोळे लावून बसली होती.

आत्याच्या मांडीवर चाळीस वर्षांपूर्वीचा कागद होता. तेव्हा ती अशाच एका प्रयोगशाळेत चित्रं काढायची. कोंबडीच्या गर्भातली हीच रक्तवाहिनी काढताना तिला तळाच्या भिंतीतून उगवल्यासारखे गोल फुगवटे दिसले. दिसले तसे तिने काढले.

"बाई, रक्ताच्या पेशी येऊन चिकटल्यात भिंतीला," तिथले सर म्हणाले होते. "उगवतील कशा? खोडा ते."

तिने खोडलं. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसाच उडाला. सुईत दोरा ओवला तरी ती ओढून खात्री करायची. डोळे तेव्हा खरंच चुकले होते का, एवढंच तिला आज बघायचं होतं.

"निघेल ना गं भिंतीतून एखादी पेशी?"

"बघत बसलं की निघतच नाहीत मेल्या."

"तुझ्या बापावर गेल्यात. तोही शाळेला निघताना असाच..."

भाची खुदकन हसली आणि एकदम थांबली. भिंतीतली एक पेशी फुगत होती. मग ती कमानीसारखी वाकली, शेजारणींचे हात एकेक करून सोडवावेत तशी सुटी झाली, गोल झाली आणि चालू लागली. मागे भिंत मिटली. भोक नाही, काही नाही.

"निघाली!" आत्या खुर्चीवरून उठलीच. "अगं, कुठून येऊन चिकटली नव्हती ती! भिंतच होती! भिंतीचं रक्त झालं!"

"आत्या, टेबल!" भाची ओरडली, पण तिचाही आवाज चिरकला होता. "कोंबडीत रक्तवाहिनीच्या आत उगवतात, माशात तिच्या खाली बाहेर सुटतात. एवढाच काय तो फरक. दाखव तुझा कागद!"

भाचीने कागद दिव्यासमोर तिरपा धरला. खोडलेल्या जागी पेन्सिलीचे वळ अजून होते. एक, दोन, तीन. चौथा फुगवटा, अगदी कोपऱ्यातला, मात्र ठसठशीत काळा होता.

"हा खोडायचा राहिला वाटतं."

आत्या चष्मा काढून पुसू लागली.

"राहिला नाही गं. ठेवला होता."