आधी दुपारभर बसा, मग बोला

मित्रांनो, मोठ्या बाईंच्या भाच्याला माझी लाज वाटायची. जिच्या जिवावर या इमारतीला तीस वर्षं भाडेकरू मिळाले, तिला त्याने कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं. का, तर म्हणे या झकपक रस्त्याला मी शोभत नाही. काल आलेला शहाणा!

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. सुताराने दाराची उरलेली फळी रंधा मारून मला घडवलं आणि पेंटरने माझ्यावर लिहिलं, 'ऑफिससाठी जागा भाड्याने देणे आहे'. हे पाच शब्द, एवढीच माझी शाळा. पण शब्द थोडे असले तरी खरे असावेत, हे मला कळतं.

आमचा रस्ता शहरातला सगळ्यात महागडा बाजार. खाली घड्याळांची, अत्तरांची, बुटांची दुकानं. काचा इतक्या लख्ख, की माणसं वस्तू कमी आणि स्वतःलाच जास्त बघतात. वरच्या मजल्यावर ऑफिससाठी भाड्याने द्यायच्या खोल्या, मालकी मोठ्या बाईंची. खोली रिकामी झाली की बाई मला ओल्या फडक्याने पुसून खिडकीत लावत. नकाशे काढणारे काका, भाषांतर करणाऱ्या दोघी बहिणी, सगळे मला वाचूनच जिना चढले. "पाटी गुणाची आहे हो," असं बाई म्हणाल्या की मी ताठ व्हायचे. लाकूडच ते, आणखी किती ताठ होणार!

बाईंची एक रीत होती. येणाऱ्याने आपली खुर्ची आणायची आणि रिकाम्या खोलीत अख्खी दुपार बसायचं. भाड्याचं बोलणं त्यानंतर. सकाळी आमचा रस्ता गरीब गाईसारखा असतो. त्याचे खरे गुण दुपारी कळतात. बाईंनी ही रीत माझ्या पाठीवर रंगाने लिहून ठेवली होती.

पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. त्या तळमजल्यावरच्या घरात बसून राहिल्या आणि कारभार भाच्याकडे आला. त्याने चकचकीत फोटो काढले. गिऱ्हाईक तो सकाळी नऊलाच आणायचा आणि दहाला वाटेला लावायचा.

अशीच एक कान तपासणारी ताई आली. तिला स्वतःचं तपासणी केंद्र काढायचं होतं.

"मला फक्त शांतता हवी," ती म्हणाली. "बारीकशी कुजबुज ऐकू येते का, ते बघायचं असतं. नोकरी सोडून आलेय, दादा. इथे फसले तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

"टाचणी पडली तरी ऐकू येईल, ताई!" भाचा म्हणाला.

मी कपाटामागे चडफडत होते. दुपारी बाराला खाली बुटांच्या दुकानातले कर्णे सुरू होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सही ठरली. पण ताई मापाची पट्टी घेऊन आली. भिंत मापायला तिने कपाट ओढलं आणि मी धाडकन तोंडावर आपटले. पाठ वर आली. ताईने मोठ्याने वाचलं, "आधी दुपारभर बसा, मग बोला."

"ते जुनं काहीतरी आहे हो," भाचा घाईने म्हणाला. "सही करा, मग आयुष्यभर बसा की!"

"आज बसून बघते," म्हणून तिने खुर्ची ओढली.

बाराला कर्णे सुरू झाले. तावदानं थरथरली, माझे खिळेसुद्धा वाजले. ताईचा चेहरा पडला. ती खुर्चीवरून उठली. मला काखेत मारून थेट खाली मोठ्या बाईंच्या दारात गेली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

बाईंनी मला ओळखलं. माझ्या अंगावरची धूळ पदराने पुसली आणि दोन वर्षांनी जिना चढल्या. एकेक पायरी, प्रत्येक पायरीला भाच्याचा उद्धार. वर येऊन त्यांनी मागची खोली उघडली. जुने पंखे ठेवायची ती खोली. जाड भिंती, खिडकी मागच्या झाडाकडे. दार लावलं आणि कर्णे मेले.

ताई एका कोपऱ्यात गेली, बाई दुसऱ्या. ताई पाठमोरी होऊन काहीतरी पुटपुटली.

"'हीच खोली घेते', असंच म्हणालीस ना?" बाईंनी विचारलं.

ताई हसत सुटली. खरं सांगते मित्रांनो, इतकं बरं मला नवा रंग लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

भाचा दारात खाली मान घालून उभा होता. "आत्या, मला वाटलं..."

बाईंनी मला त्याच्या हातात दिलं. "वाटून घेऊ नकोस, खिडकीत लाव हिला. आणि रोज पूस. पुढून वाचा नाहीतर मागून, ही खरंच बोलते. तुझं तसं नाही रे बाबा."